कोना पोऱ्या शे रे?

आप्पा हिवताप खात्यात होते.
सायकलच्या हँडलला पिशवी, पिशवीत काचपट्ट्या, सुया
आणि कागदी पुड्यांत पांढऱ्या गोळ्या.
शिरपूरहून बोराडी, बोराडीहून वर, पाड्यापाड्यांनी.
ज्याला ताप, त्याच्या बोटाचा थेंब.
निघताना दाराशेजारी भिंतीवर तारीख आणि सही.
गोळी इतकी कडू, की पोरं ती गालात धरून ठेवत
आणि सायकल वळली की थुंकत.

तिचीच चुलतबहीण मी आता रोज रात्री गिळते.
मला हिवताप नाही.

माझ्या गालांवर फुलपाखरू आहे.
पारा शेहेचाळीसला टेकला की ते लाल होतं.
धुळ्याहून रिपोर्ट आला, डॉक्टरांनी फोटो दाखवला:
काळ्या काचेवर पेटलेली हिरवी केंद्रकं.
माझं रक्त माझ्याच धाग्यावर चालून गेलेलं.

अकरावीच्या फळ्यावर मी पेशी काढते,
एका वर्तुळात दुसरं वर्तुळ.
डीएनए आत, तलाठ्याच्या दप्तरासारखा, कुलपात.
बाहेर अंगणात राखणदार.
त्यातल्या एकाला अक्षरओळख नाही.
हाताला पीळ लागला की तो एवढंच विचारतो,
हा दोर अंगणात आला कसा?
दुसरा आरएनएचं डोकं बघतो.
घरच्यांच्या डोक्यावर टोपी असते
(हसू नका रे, पुस्तकातही तिला टोपीच म्हणतात),
आणि बोडका दिसला, की आप्पा पारावरून विचारायचे तसं
कोना पोऱ्या शे रे?
उत्तर नाही आलं तर हाळी. इंटरफेरॉन.
शेजारपाजारच्या पेशी कड्या लावून घेतात.

तिसरे बसतात पेशीनं गिळलेल्या पिशव्यांत,
आंबट पाण्यात.
आंबट नसेल तर त्यांचं डोकं चालत नाही.
माझी गोळी तो आंबटपणा मोडते, असं म्हणतात.
डासाच्या तापावरची गोळी
राखणदाराला जरा डुलकी देते.

कारण माझं ऊन कातडीच्या पेशी मारतं,
त्यांचे धागे सांडतात, झाडू वेळेवर फिरत नाही
आणि माझ्याच घरात मला कुणी अडवतं.
मी म्हणते, आप्पांची.
त्याला पटत नाही.

आप्पांचं नाव धुडकू.
आधीची तीन गेली, म्हणून जन्मल्या जन्मल्या
उकिरड्यावर ठेवून उचललं.
मरणानं कचरा समजून पुढं जावं म्हणून.
करोनाच्या साली स्टाफरूममध्ये वाचलं,
कुठल्याशा लशीच्या आरएनएत एक अक्षर
जरासं बदलून लिहिलंय,
राखणदारानं बघावं आणि जांभई द्यावी इतपतच.
मी मोठ्यानं हसले. पवार सरांनी वर पाहिलं.
यालाही धुडकू केला म्हणायचं!

आणि कुठं उलटंही चाललंय.
गाठ वाढते तिथं राखणदार घोरतात,
त्यांना हलवून उठवणारं औषध गाठीतच टोचून बघतात.
उंदरांत जमलं. माणसांत अजून अडखळतंय.
एकच पहारा. कुणाला जागा हवाय, कुणाला निजलेला.
मला रात्री नऊला, जेवणानंतर, निजलेला.

आता आप्पा ओळखत नाहीत.
काल पाण्याचा तांब्या घेऊन गेले तर
टोपी सारखी करत, खात्यातल्या आवाजात:
कोनी पोर शे तू?
तुमनीच, आप्पा.
बराच वेळ बघत राहिले, गालांकडे.
मग माझं अनामिकेचं बोट धरलं,
टोक दाबलं, लाल होईपर्यंत.
सुई नव्हती. नुसतंच दाबलं.
ताप किती दिवस?
अकरा वर्षं, मी म्हटलं.

त्यांनी माझ्या पिशवीतला डबा शोधला,
गोळी तळहातावर ठेवली,
समोर गिळ म्हणाले, थुंकू नको.
गिळली.
मग खडू नव्हता म्हणून
नखानं भिंतीवर काहीतरी लिहिलं.
तारीखच असणार.